ल्होनाकचं पाणी

पावसाळ्यात सकाळचं वर्तमानपत्र हातात आलं की महाराष्ट्रातला माणूस आधी धरणांचा तक्ता पाहतो. कोयना किती भरलं, उजनी किती, जायकवाडी कुठवर आलं. आकडा कालच्यापेक्षा वाढलेला दिसला की जीव भांड्यात पडतो. ज्यांनी कोरडे हंडे आणि टँकरभोवतीची झुंबड पाहिली आहे, त्यांच्यासाठी साठलेलं पाणी म्हणजे वर्षभराचा धीर. पाणी वाढलं म्हणजे बरं झालं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे हिमालयातल्या काही सरोवरांविषयी वाचताना आपल्या मनाला वळण लावून घ्यावं लागतं. तिथेही पाणी वाढतं आहे, वर्षानुवर्षं, दुष्काळ-सुकाळ न पाहता. आणि खालच्या खोऱ्यातली माणसं त्या वाढीकडे धास्तीने पाहत आहेत.

सिक्कीमच्या वायव्य कोपऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० मीटर उंचीवर, दक्षिण ल्होनाक नावाचं सरोवर आहे. १९६० च्या दशकात तिथे सरोवर म्हणावं असं काही नव्हतं, हिमनदीच्या अंगावर साचलेली डबकी तेवढी होती. १९७० च्या दशकात उपग्रहांनी ती जागा टिपायला सुरुवात केली, तेव्हा त्या डबक्यांचं मिळून वीसेक हेक्टरांचं एक तळं झालेलं होतं. २८ सप्टेंबर २०२३ रोजीच्या उपग्रहचित्रावरून इस्रोने त्याचं क्षेत्र मोजलं, ते १६७ हेक्टर भरलं. दरम्यान, त्याला पाणी पुरवणारी हिमनदी १९६२ ते २००८ या काळात जवळपास दोन किलोमीटर मागे हटली होती. तळं जिथे पसरलं ती सगळी जागा हिमनदीने सोडलेली आहे. एकाची लांबी घटत गेली आणि दुसऱ्याची वाढत गेली.

मुदत ठेव मोडून घरात रोकड आणली की चार दिवस घर भरल्यासारखं वाटतं. हिमनदी ही तशी ठेव आहे, शेकडो हिवाळ्यांनी थराथराने टाकलेली. उन्हाळ्यात तिचं व्याज तेवढं वितळून खाली यावं आणि हिवाळ्यात नवा बर्फ पडून मुद्दल शाबूत राहावं, हा त्या उंचीवरचा रिवाज. आज तळ्यात दिसणारं पाणी हे मुद्दलातलं आहे. हिंदुकुश-हिमालयाच्या हिमनद्यांवर काठमांडूच्या ‘इसिमोड’ या संस्थेने २०२३ साली अहवाल प्रसिद्ध केला. २०११ ते २०२० या दशकात इथल्या हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झिजल्या, असं त्यात म्हटलं आहे. काही काळ नद्यांना पाणी जास्त येईल आणि मग ते कमी होऊ लागेल. जास्त येण्याच्या काळात बांधलेले आपले बेत पुढच्या काळात कसे टिकणार, हा प्रश्न आजच विचारायला हवा.

ही तळी वाढतात कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या उन्हातलं ऐंशी-नव्वद टक्के ऊन परत फेकतो. उघडं पाणी मात्र बहुतेक सगळं ऊन पिऊन टाकतं. म्हणजे हिमनदीच्या पाठीवर एक डबकं साचलं की तिथली ऊब वाढते, ती भोवतीचा बर्फ खाते, डबकं रुंदावतं, शेजारच्या डबक्याला जाऊन मिळतं. एकदा असं तळं हिमनदीच्या तोंडाशी तयार झालं की त्याचं पाणी बर्फाची भिंत खालून कोरत राहतं. पायथा पोखरला गेला की वरचे कडे कोसळून पाण्यात पडतात. हवा तापल्यामुळे तळं जन्माला येतं खरं, पण पुढे ते स्वतःच हिमनदीला गिळू लागतं. हवा आणखी तापली नाही तरी त्याचं काम थांबत नाही. त्यात गंगेच्या मैदानातली काजळी उडून येते आणि बर्फावर बसते. विटभट्ट्यांची, डिझेलची, चुलींची, शेतात पेटवलेल्या काडाची. काळवंडलेला बर्फ आणखी ऊन धरतो.

आणि हे सगळं पाणी अडलेलं असतं कशाने? शाळेच्या भूगोलात आपण हिमोढ वाचलेला असतो. हिमनदी पुढे सरकताना डोंगर खरवडते, दगड, गोटे, वाळू, पीठ झालेला खडक असा गाळ ढकलत नेते आणि मागे हटताना तो तिथेच टाकून जाते. काही शतकांपूर्वीच्या थंड काळात हिमालयातल्या हिमनद्या आजच्यापेक्षा पुढे आलेल्या होत्या. त्यांनी टाकलेले हे ढीग आता तळ्यांचे बांध झाले आहेत. त्यांना पाया नाही, सांडवा नाही, कुणी दाबून बसवलेलं नाही. पुष्कळ ठिकाणी त्यांच्या पोटात जुना बर्फ गाडलेला असतो आणि गोठलेल्या मातीनेच दगड एकमेकांना धरून ठेवलेले असतात. तळ्याच्या काठाचे उभे उतारही असेच, गोठलेपणाच्या जिवावर उभे. हवा तापली की हिमनदी वितळते हे आपल्याला चटकन कळतं, कारण ते दिसतं. जमिनीच्या आतलं गोठलेपण सुटत जातं ते कुणाला दिसत नाही.

३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री दहाच्या सुमारास दक्षिण ल्होनाकच्या काठाचा असाच एक उतार सुटला. शास्त्रज्ञांनी नंतर हिशेब मांडला तो असा: सुमारे दीड कोटी घनमीटर गोठलेला हिमोढ एकदम पाण्यात कोसळला, वीस मीटर उंचीची लाट उठली, ती समोरच्या बांधावर आदळली आणि बांध फोडून पाणी खाली निघालं. जवळपास पाच कोटी घनमीटर. दोनेक तासांत ते चुंगथांगला पोचलं. लाचेन आणि लाचुंग अशा दोन खोऱ्यांतल्या नद्या जिथे एकत्र येऊन तिस्ता होते, ते हे गाव. तिथे तिस्ता-३ या १,२०० मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पाचं साठ मीटर उंचीचं, दगडांचा भराव घालून केलेलं धरण होतं. त्याचे दरवाजे वेळेत उघडता आले नाहीत. मध्यरात्री धरण वाहून गेलं, आणि तळ्याच्या पाण्यात धरणाचं पाणी मिळालं. सिंगतामजवळ बरदांगला लष्कराचा तळ होता, तिथले जवान वाहून गेले. पंचावन्न माणसं मेली, चौऱ्याहत्तर सापडलीच नाहीत. ४ ऑक्टोबरच्या उपग्रहचित्रात सरोवर साठ हेक्टरांवर आलेलं दिसलं.

सकाळी बातम्या सुरू झाल्या तेव्हा सगळीकडे एकच शब्द होता, ढगफुटी. त्या दिवशी खोऱ्यात पाऊस होता हे खरं, आणि खालच्या भागातला पूर त्याने वाढवलाही. पण मूळ घाव पावसाचा नव्हता. तरी ढगफुटी म्हटलं की आपल्याला बरं वाटतं, असं मला वाटतं. ढग फुटला, आभाळ कोसळलं, आता त्याला कोण काय करणार? आभाळाकडे बोट दाखवलं की खाली कुणाकडे दाखवावं लागत नाही. ल्होनाकच्या बाबतीत ते बोट आभाळाकडे नेणं फार कठीण आहे, कारण ते तळं कुणाच्याही नकळत वाढलेलं नाही.

त्याचं मोजमाप अनेक वर्षं चाललं होतं. ते फुटू शकतं, हे अभ्यासकांनी पुन्हापुन्हा लिहिलं होतं. फुटलं तर पाणी चुंगथांगपर्यंत कसं येईल, याची गणितंही २०२१ साली प्रसिद्ध झाली होती. त्याआधी, २०१६ मध्ये, लडाखचे सोनम वांगचुक आणि सिक्कीमचं राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांनी याक आणि माणसांच्या पाठीवरून प्लॅस्टिकचे जाड पाइप तिथवर नेले आणि वक्रनळीच्या तत्त्वावर तळ्यातलं पाणी बाहेर काढायला लावलं. पाच हजार मीटरवर, जिथे दहा पावलं चालून दम घ्यावा लागतो, तिथे हे काम करणाऱ्यांबद्दल मनात आदरच दाटून येतो. पातळी थोडी उतरलीही. पण तीन पाइपांचं काम आणि पन्नास वर्षांची वाढ यांचा मेळ बसणार कसा? फुटण्याच्या आधीच्याच महिन्यात, सप्टेंबर २०२३ मध्ये, तळ्यावर हवामानाची नोंद करणारं स्वयंचलित यंत्र आणि कॅमेरे बसवले गेले. काही दिवस संदेश आले, मग यंत्र गप्प झालं. पूर्वसूचना देणारी पूर्ण यंत्रणा त्याच्या पुढच्या टप्प्यात व्हायची होती.

मला राहूनराहून हेच बोचतं. माहिती होती. आकडे दशकागणिक वाढत होते, आणि त्यांच्या खालीच, त्याच नदीवर, दुसरे आकडे वाढत होते: मेगावॉटचे. दोन्ही तक्ते सरकारी कपाटांतच होते. एका तक्त्यातली वाढ दुसऱ्या तक्त्यातल्या वाढीला पुसून टाकू शकते, हे बघण्यासाठी दोन्ही कागद एका टेबलावर यायला हवे होते.

ते आणण्याचा प्रयत्न केला तो तिथल्याच माणसांनी. तिस्तेच्या काठचे लेपचा लोक या खोऱ्याला आपलं मूळ मानतात, झोंगू हा त्यांचा राखीव प्रदेश. २००७ साली लेपचा तरुणांनी गंगटोकमध्ये धरणांविरुद्ध उपोषण सुरू केलं आणि ते सत्याग्रहाच्या रूपात दोन वर्षांहून अधिक काळ चाललं. झोंगूमधले काही प्रकल्प त्यामुळे रद्द झाले. तिस्ता-३ झाला, २०१७ मध्ये सुरू झाला आणि सहा वर्षांत गेला. आता तिथे पुन्हा धरण बांधायचं ठरतं आहे. पूर्वी साठ मीटरचं होतं, नवं काँक्रीटचं आणि जवळपास दुप्पट उंचीचं असेल, आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने २०२५ च्या जानेवारीत त्याच्या बाजूने शिफारस केली. अभियंते म्हणतात, नवं धरण मोठा पूर सोसेल असंच आखलं आहे. सोसेलही. पण सरोवरातून पुन्हा काय येऊ शकतं, याचा हिशेब पूर्ण होऊन खोऱ्यातल्या लोकांपुढे मांडला जाण्याआधी उंची ठरवणं मला तरी पटत नाही.

पूर ओसरल्यावर आपलं लक्षही ओसरतं. नदीचं मात्र तेव्हा सुरू होतं. त्या रात्रीच्या पाण्याने वाटेतले काठ खरवडून सुमारे सत्तावीस कोटी घनमीटर दगडमाती उचलली, म्हणजे पाण्यापेक्षा पाचपटीहून अधिक गाळ. त्यातला पुष्कळसा तिस्तेच्या पात्रात बसला. पात्र उथळ झालं, कित्येक ठिकाणी काही मीटरने वर आलं. आता साध्या पावसाळ्यातही तिस्ता काठावरच्या घरांत शिरते. २०२४ च्या पावसाळ्यात तिस्ता बाजार पाण्यात गेला, आणि सिक्कीमला देशाशी जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १० सतत बंद पडतो आहे. उकरलेले उतार दरवर्षी थोडे थोडे घसरताहेत. पुराने तळाशी असलेले गोटे, खळगे, शेवाळं, माशांनी अंडी घालायच्या जागा असं सारं गाळाखाली गाडलं. उत्तर बंगालच्या आणि पुढे बांगलादेशाच्या शेतांवर वाळू पसरली. बर्फातून एका रात्री सुटलेल्या पाण्याचा परिणाम नदी अनेक वर्षं वाहत राहणार आहे.

सगळीच तळी फुटतात असं नाही, आणि सगळ्यांच्या वाढीला एकटा बर्फच कारण असतो असंही नाही. हिमालय ओलांडून तिबेटच्या चांगथांग पठारावर गेलं की दुसरंच चित्र दिसतं. तिथल्या सरोवरांना समुद्राकडे जायला वाट नाही, आलेलं पाणी तिथेच राहतं. गेल्या काही दशकांत ती फुगत चालली आहेत. त्यात वाढलेल्या पावसाचा वाटा मोठा आहे, वितळत्या हिमनद्यांचा त्या मागोमाग. सिलिंग त्सो हे सरोवर १९७० च्या दशकात सतराशे चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, ते आता तेवीसशेच्या पुढे गेलं आहे आणि नाम त्सोला मागे टाकून तिबेटातलं सर्वांत मोठं सरोवर झालं आहे. कोरड्या, थंड पठारावर पाणी वाढलं तर चांगलंच, असं इथेही वाटेल. पण सरोवराच्या काठची सपाट कुरणं हीच पशुपालकांची हिवाळ्याची पुंजी. तीच आधी बुडतात.

पठाराच्या उत्तरेला होह शिल नावाचा निर्मनुष्य प्रदेश आहे. तिथे झोनाग सरोवराच्या काठी दर उन्हाळ्यात हजारो चिरू माद्या पिल्लं घालायला येतात. शहातूश शालींसाठी ज्यांची बेसुमार शिकार झाली, तीच ही तिबेटी हरणं. सप्टेंबर २०११ मध्ये, पाऊस जास्त झालेल्या वर्षी, झोनागचा काठ फुटला. पाणी एका सरोवरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उतरत गेलं. झोनागचा तळ मोठ्या भागात उघडा पडला आणि त्यावरून खारट वाळू उडू लागली, तर खालचं मिठाचं सरोवर इतकं वाढलं की तिबेटच्या रेल्वेमार्गाला धोका होऊ नये म्हणून २०१९ मध्ये कालवा खणून त्याचं पाणी काढून द्यावं लागलं. वरचं सरोवर आटलं, खालचं फुगलं, आणि मधल्या रस्त्याने जाणाऱ्या चिरूंना त्यांच्या वहिवाटीवर नवं पाणी आडवं आलं. ती हरणं अजूनही झोनागकडे येतात.

आपल्याकडे परत यायचं तर इस्रोने २०२४ साली एक मोठा तक्ता प्रसिद्ध केला. हिमालयातून भारताकडे वाहणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत दहा हेक्टरांहून मोठी २,४३१ सरोवरं आहेत. त्यांतली ६७६ सरोवरं १९८४ पासून ठळकपणे वाढली, त्यांतली १३० भारतात आहेत. हिमाचलमधलं घेपन घाट सरोवर १९८९ मध्ये ३६ हेक्टर होतं, ते २०२२ मध्ये १०१ हेक्टर झालं. त्याच्या खाली चंद्रा नदी आहे आणि मनालीहून अटल बोगद्यातून बाहेर पडल्यावर लागणारं सिस्सू गाव आहे. जगभरात अशा पुरांच्या वाटेवर दीड कोटी माणसं राहतात, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक भारत, पाकिस्तान, पेरू आणि चीन या चार देशांत आहेत. २०१६ साली ज्या सिक्कीमने आपली सगळी शेती सेंद्रिय झाल्याचं जाहीर केलं, त्या राज्यातल्या शेतकऱ्याने हवा किती तापवली असेल? तापवणारे वेगळे, आणि बांधाखाली राहणारे वेगळे. हा अन्याय मनातून जात नाही.

उपाय नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही. नेपाळने २००० साली त्सो रोल्पा सरोवराला दार बसवून पातळी तीन मीटरने उतरवली आणि २०१६ मध्ये एव्हरेस्टजवळच्या इमजा सरोवराची तीन मीटरहून अधिक उतरवली. पेरूमध्ये १९४१ साली पाल्काकोचा सरोवर फुटून हुआरास शहरातली हजारो माणसं गेली. तेव्हापासून त्या देशाने अँडीजमधल्या डझनावारी सरोवरांना बोगदे आणि पक्के बांध केले. हे खर्चाचं, उंचीवरच्या तीन-चार महिन्यांच्या उन्हाळ्यातच करता येणारं काम आहे. भारत सरकारने २०२४ मध्ये अरुणाचल, सिक्कीम, उत्तराखंड आणि हिमाचल या चार राज्यांसाठी दीडशे कोटींचा कार्यक्रम मंजूर केला आहे. धोक्यातल्या तळ्यांची संख्या पाहता रक्कम लहान आहे. पण सुरुवात झाली याचा मला मनापासून आनंद आहे, कारण पाणी उतरवणं, यंत्रं जिवंत ठेवणं आणि रात्री भोंगा वाजवणं यांनी माणसं खरोखर वाचतात.

महाराष्ट्रातून दरवर्षी पुष्कळ पर्यटक उत्तर सिक्कीमला जातात. गुरुडोंगमार सरोवराकडे जाणारी गाडी चुंगथांगवरून लाचेनला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघून थांगू या छोट्या गावात थांबते. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून तिथे तासभर थांबायचं, गरम चहा घ्यायचा, मग वर जायचं. त्या थांगूच्या वर, नजरेला न पडणारं, शाको छो नावाचं सरोवर आहे. हिमनदीखालचंच. सिक्कीममधल्या धोकादायक सरोवरांच्या यादीत त्याचं नाव वरच्या बाजूला आहे. ल्होनाक फुटल्यावर तीनच दिवसांनी, ६ ऑक्टोबर २०२३ रोजी, शाको छोही फुटू शकतं असा इशारा मिळाला आणि प्रशासनाने खालच्या वस्त्यांतल्या माणसांना हलवलं. रस्ते तुटलेले, पूल गेलेले, थंडी सुरू झालेली, तशात लोक घरं सोडून गेले. सरोवर फुटलं नाही. म्हणून तो इशारा वाया गेला असं कुणी म्हणू नये. लाचेनमध्ये ‘झुम्सा’ नावाची गावाची जुनी पंचायत आहे, कुरणात याक कधी न्यायचे आणि कधी खाली आणायचे हे ती ठरवते आणि सगळं गाव ते पाळतं. पुढचा इशारा गंगटोकहून तिच्यापर्यंत किती मिनिटांत पोचतो, हे मला नव्या धरणाच्या उंचीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.